जुन्या फायबरग्लास बोटीचे अस्तर आणि रंगकाम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनी बोट दुरुस्तीला काढलेल्या मंडळींकडून सतत येणारे प्रश्न येथे कामाच्या क्रमाने मांडले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध येतो तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. रंगाच्या डब्यासोबत येणारे माहितीपत्रक आणि येथील आकडा यांत फरक आढळल्यास माहितीपत्रकाचे ऐकावे, कारण प्रत्येक रंगाचे रसायन वेगळे असते.

१. बोट कारखान्यातून रंगीतच आली होती. मग फायबरग्लासला रंग लागतोच कशाला?

कारखान्यातून आलेला तो रंग नव्हे, जेलकोट असतो. बोट साच्यात घडवताना साच्याला आधी मेण लावतात, त्यावर रंगद्रव्य मिसळलेल्या पॉलिएस्टर रेझिनचा (सुकून टणक होणाऱ्या कृत्रिम राळेचा) साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा थर फवारतात आणि मग काचतंतूचे थर रेझिनमध्ये भिजवून बसवतात. साच्यातून बोट बाहेर निघते तेव्हा हा पहिला थर तिची बाहेरची त्वचा झालेला असतो. पुढे वर्षानुवर्षे ऊन खाऊन त्याची चमक जाते आणि हात फिरवला की खडूसारखी भुकटी हाताला लागते.

परंतु भुकटी निघते म्हणून रंग लावलाच पाहिजे, असे नाही. तळहाताएवढा भाग रबिंग कंपाउंडने घासून पाहावा. खालून मूळ रंग चमकत वर आला, तर जेलकोटमध्ये अजून जीव आहे आणि पॉलिश करून आणखी काही हंगाम काढता येतील. एकदा रंगवलेली बोट पुढे दर काही वर्षांनी रंगवावीच लागते, त्यामुळे हा निर्णय घाईने घेऊ नये.

२. रंगाऐवजी पुन्हा जेलकोटच मारला तर?

मारता येतो, पण संपूर्ण बोटीसाठी आम्ही तो सुचवत नाही. साच्यात जेलकोटला साच्याची गुळगुळीत बाजू आयती मिळते. बाहेरून फवारल्यावर मात्र त्याचा पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो आणि चमक आणण्यासाठी सगळी बोट घासून काढावी लागते. शिवाय साधा जेलकोट हवेच्या संपर्कात वरून चिकटच राहतो. तो पुरता सुकण्यासाठी त्यात मेण मिसळावे लागते किंवा वरून हवाबंद पापुद्रा द्यावा लागतो. नाण्याएवढा टवका उडालेल्या जागी जेलकोट उत्तम, बाकी बोटीला रंग.

३. घासायचेच आहे, मग आधी धुवायचे कशाला?

रंग सुटून आल्याच्या जेवढ्या तक्रारी येतात, त्यांतील बहुतेकांचे मूळ येथे सापडते. साच्याचे मेण, मालकांनी दरवर्षी लावलेले पॉलिश, इंजिनाचे तेल, सिलिकोन असलेले क्लीनर हे सगळे जेलकोटवर बसलेले असते. न धुता पॉलिश पेपर फिरवला, तर हे मेण निघून जात नाही. पेपराने पडलेल्या चरांमध्ये ते दाबले जाते आणि मग तेथून काढणे जवळपास अशक्य होते.

म्हणून आधी साबणाच्या पाण्याने, नंतर मेण काढणाऱ्या द्रावणाने बोट पुसावी. पुसताना दोन्ही हातांत एकेक फडके असावे. एका हातातील फडके द्रावणात भिजवून पुढे जावे आणि ओल सुकण्यापूर्वी दुसऱ्या कोरड्या फडक्याने ती टिपून घ्यावी. द्रावण जागेवरच उडून गेले, तर विरघळलेले मेण पुन्हा तेथेच बसते. याच कारणाने उन्हात ॲसिटोन वापरू नये, ते टिपण्याआधीच उडते. फडकी सारखी बदलावीत. एकाच चिंधीने सगळी बोट पुसणे म्हणजे मेण या टोकाकडून त्या टोकाला नेणे होय.

काम झाले की नाही हे पाणी सांगते. स्वच्छ पाण्याचा सपकारा मारून जवळून पाहावे. पाण्याचा पातळ पडदा अखंड राहून सावकाश ओघळला, तर पृष्ठभाग स्वच्छ आहे. पडदा मध्येच फाटून अळूच्या पानावरल्यासारखे थेंब झाले, तर तेथे मेण शिल्लक आहे. तो भाग खडूने आखून घ्यावा आणि पुन्हा पुसावा. घासून झाल्यावर हीच परीक्षा पुन्हा घ्यावी.

४. आधीच्या मालकाने लावलेला रंग पूर्ण काढावा का?

तो रंग कोणता आणि किती घट्ट आहे, यावर ते अवलंबून आहे. धारदार पात्याने रंगावर जाळीसारख्या उभ्या-आडव्या रेघा ओढाव्यात, त्यांवर चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्यात ओढावी. चौकोन पट्टीला चिकटून आले, तर रंग काढण्यावाचून इलाज नाही. तो टिकला, तर दुसरी परीक्षा घ्यावी. लावायच्या रंगाच्या थिनरमध्ये भिजवलेले फडके दहा-पंधरा मिनिटे त्यावर चिकटवून ठेवावे. खालचा रंग मऊ पडला किंवा सुरकुतला, तर तो एकघटकी (डब्यातून थेट लावायचा) आहे आणि त्यावर दोनघटकी (कडक करणारा दुसरा घटक, म्हणजे हार्डनर, मिसळून लावायचा) रंग थेट लावल्यास सगळा थर उकलून येईल.

रंग काढण्यासाठी फायबरग्लासला चालणारेच रिमूव्हर घ्यावे. लोखंडी फाटकाचा रंग काढणारे तीव्र रसायन जेलकोट आणि खालचे रेझिन दोन्ही मऊ करते. हीट गनही टाळावी.

तळाच्या जुन्या रंगाविषयी विशेष काळजी घ्यावी. शेवाळ आणि शिंपले रोखणाऱ्या जुन्या रंगांत विषारी द्रव्ये असतात. त्यांतील ट्रायब्युटिल टिन या कथिलाच्या संयुगावरील आंतरराष्ट्रीय बंदी २००८ मध्ये अमलात आली, पण बोट त्याआधीची असेल तर ते खालच्या थरांत असू शकते. जुन्या प्राइमरमध्ये शिसेही असू शकते. असा रंग कोरडा कधीही घासू नये. पाणी मारून घासावा, मास्क लावावा, खाली ताडपत्री अंथरावी आणि पडलेला गाळ विषारी कचरा म्हणूनच द्यावा.

५. जेलकोटवर केसासारख्या चिरा आहेत. जाड प्राइमरने त्या भरतील का?

दिसेनाशा होतील, भरणार नाहीत. प्राइमर चिरेवर पूल बांधतो आणि ऊन-थंडीत बोट आकसली-प्रसरली की तो पूल त्याच रेषेवर तुटतो.

आधी चिरांची ठेवण पाहावी. सगळीकडे जाळे पसरलेले असेल, तर जेलकोट म्हातारा होऊन ठिसूळ झाला आहे. तो भाग चिरा संपेपर्यंत घासून इपॉक्सीने (हार्डनर मिसळून टणक होणाऱ्या रेझिनने) बंद करावा. चिरा एका बिंदूपासून किरणांसारख्या निघाल्या असतील, तर तेथे मार बसला आहे. खांबाच्या किंवा कठड्याच्या बुडाशी समांतर चिरा असतील, तर तेथे फायबरग्लासचा पत्रा वाकतो आहे. पहिला प्रकार रंगाचा आहे, उरलेले दोन बांधणीचे आहेत. आतून मजबुती दिल्याशिवाय तेथे लांबी (खळगे भरायची पुट्टी) भरणे व्यर्थ आहे. भरताना चीर टोकदार हत्याराने इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात उघडावी, म्हणजे लांबीला बसायला जागा मिळते.

६. तळावर फोड आले आहेत. घासून रंग लावला तर चालेल का?

फोड फोडून आधी त्यातले पाणी पाहावे. फोडताना डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण आत दाब असतो. तेलकट, व्हिनेगरसारख्या आंबट वासाचे पाणी आले, तर ते ऑस्मोसिस आहे. जेलकोटमधून पाण्याचे कण अतिशय सावकाश आत झिरपतात, आतल्या न जुळलेल्या रेझिनच्या अंशांशी मिसळून दाट द्रव तयार करतात आणि तो द्रव आणखी पाणी ओढून घेतो. साधे, वास नसलेले पाणी आले आणि फोड फक्त रंगाच्या थरात असेल, तर आधीच्या रंगकामातील दोष समजावा.

ऑस्मोसिसचे फोड पोकळीच्या टणक कडेपर्यंत कोरून काढावेत, गोड्या पाण्याने पुनःपुन्हा धुवावेत आणि मग तळ वाळू द्यावा. हे वाळणे आठवड्यांचे, कधी महिन्यांचे काम असते आणि नेमका याच टप्प्यावर लोकांचा धीर सुटतो. ओल पाहण्यासाठी फूटभर पारदर्शक प्लॅस्टिकच्या चारही कडा तळाला पट्टीने हवाबंद चिकटवाव्यात. एक-दोन दिवसांची उन्हे गेल्यावर आतून दव धरलेले दिसले, तर अजून थांबावे. ओल्या तळावर इपॉक्सी लावणे म्हणजे पाणी आत कोंडणे होय.

तळ वाळल्यावर खळगे इपॉक्सी लांबीने भरून त्यावर इपॉक्सीचा पाणीरोधक थर चढवावा. सुकल्यानंतर त्याची जाडी २५० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास भरायला हवी. एका हातात साधारण ५० मायक्रॉन मिळत असतील, तर पाच हात झाले. आलटून-पालटून दोन छटा वापरल्या, तर कोठे सुटले ते लगेच दिसते.

७. लांबी कोणती वापरावी, पॉलिएस्टरची की इपॉक्सीची?

पाणरेषेच्या खाली फक्त इपॉक्सीची, कारण पॉलिएस्टरची लांबी पाणी पिते. पाणरेषेच्या वर बारीकसारीक खळग्यांना पॉलिएस्टरची चालते आणि घासायलाही ती सोपी जाते. लक्षात ठेवायचा क्रम असा की पॉलिएस्टरवर इपॉक्सी बसते, पण इपॉक्सीवर पॉलिएस्टर किंवा जेलकोट भरवशाने बसत नाही, कधी कधी तो सुकतच नाही.

गाडीच्या कामातून आलेले कारागीर लांबी लवकर आवळावी म्हणून हार्डनर वाढवतात. पॉलिएस्टरमध्ये थोडाफार फरक चालून जातो, इपॉक्सीमध्ये अजिबात चालत नाही. तेथे हार्डनर हा रेझिनशी ठरल्या प्रमाणात जुळणारा दुसरा पक्ष असतो. जास्त झाला, तरी उरलेला तसाच मऊ राहतो. प्रमाण वजनाचे आहे की आकारमानाचे, हेही डब्यावर पाहावे.

इपॉक्सी सुकल्यावर वर कधी कधी मेणचट, बुळबुळीत पापुद्रा येतो. तो पाण्यात विरघळतो, थिनरमध्ये नीट विरघळत नाही. म्हणून घासण्याआधी घासणी आणि साधे पाणी वापरून तो धुऊन काढावा.

८. प्राइमर नेमका कोणता आणि किती हात?

उघड्या फायबरग्लासवर किंवा घासलेल्या जेलकोटवर दोनघटकी इपॉक्सी प्राइमर. लाकडाचा किंवा लोखंडाचा घरगुती प्राइमर उरला आहे म्हणून लावू नये. पाणरेषेच्या वर साधारणपणे दोन हात जाड प्राइमरचे देऊन ते घासून समतल करावेत आणि जेथे घासताना खालचा थर उघडा पडला, तेथे आणखी एक हात द्यावा. जाड प्राइमर हा लांबीला पर्याय नव्हे. नखाला खळगा लागत असेल, तर मागे वळून लांबी भरावी.

काही प्राइमर मिसळल्यावर लगेच न लावता ठरावीक वेळ मुरू द्यायचे असतात. शिवाय इपॉक्सी ऊन सोसत नाही. प्राइमर लावून बोट महिनाभर उघड्यावर ठेवली, तर तो खडूसारखा होतो आणि पुन्हा घासावा लागतो.

९. कोणत्या नंबरचा पॉलिश पेपर कधी?

जुना रंग उतरवायला आणि लांबीला आकार द्यायला ८०, प्राइमरआधी १२० ते १८०, प्राइमर समतल करायला २२०, शेवटच्या चमकदार रंगाआधी ३२०. त्याहून बारीक पेपराने पृष्ठभाग इतका गुळगुळीत होतो की रंगाला पकड कमी मिळते.

लांब, किंचित लवचीक फळीवर पेपर चिकटवून तिरप्या रेषांत घासावे. बोटांनी दाबून घासल्यास बोटांच्या पन्हळी उमटतात आणि चमकदार रंगाखाली त्या मोजता येतील इतक्या स्पष्ट दिसतात. घासण्याआधी प्राइमरवर गडद रंगाचा अगदी विरळ फवारा मारावा. फळी फिरल्यावर उंच भाग स्वच्छ होतात आणि जेथे गडद ठिपके उरतात तेथे खळगा असतो. डोळ्यांना जे दिसत नाही ते हा फवारा दाखवतो. या कामाचा कंटाळा करणाऱ्यांना बोट पाण्यात उतरल्यावर लाटांच्या प्रतिबिंबात सगळे दिसते, पण तेव्हा उशीर झालेला असतो.

१०. वरचा रंग एकघटकी घ्यावा की दोनघटकी?

दोनघटकी पॉलीयुरेथेन अधिक कठीण, अधिक चमकदार आणि अधिक टिकाऊ असतो, पण तो खालची तयारी तंतोतंत मागतो. एकघटकी रंग लावायला सोपा आणि डागडुजीला सोयीचा, मात्र लवकर फिका पडतो. छपराखाली राहणाऱ्या छोट्या बोटीला किंवा पहिल्यांदाच रंगवणाऱ्याला एकघटकी पुरेसा आहे, असे आमचे मत आहे.

दोनघटकी पॉलीयुरेथेनच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. ते श्वासातून गेल्यास कायमचा दमा जडू शकतो आणि वासावरून त्यांचा अंदाज येत नाही. हा रंग फवारायचा असेल, तर बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा लागतो. तो नसेल, तर स्प्रे गन हातात घेऊ नये. रोलरने लावतानाही योग्य फिल्टरचा मास्क, नायट्रिलचे हातमोजे आणि खेळती हवा हवी.

११. स्प्रे गनशिवाय आरशासारखी चमक येते का?

जवळपास तशी येते. दोघे जण लागतात. पहिला बारीक फोमच्या रोलरने हातभर रुंदीचा उभा पट्टा पातळ लावत जातो. दुसरा लगोलग चांगल्या, मऊ केसांच्या ब्रशचे फक्त टोक रंगावरून अलगद ओढतो. ब्रशने रंग पसरवायचा नसतो, रोलरचे बुडबुडे फोडायचे असतात. ब्रश कोरड्या भागातून नेहमी ओल्या कडेकडे न्यावा की उलट, यावर वाद आहेत. आमच्या अनुभवात नव्या पट्ट्याकडून आधीच्या ओल्या कडेकडे नेलेला ब्रश कमी खुणा सोडतो.

ओली कड सुकू देऊ नये, मध्ये फोन घेऊ नये. ब्रश ओढल्यावर खुणा मिटत नसतील, तर रंग घट्ट झाला आहे. शिफारस केलेला थिनर थोडा वाढवावा. ओघळ येत असतील, तर थर जाड आहे. एका जाड हातापेक्षा तीन पातळ हात बरे. दोन हातांमध्ये ३२० ने हलके घासावे.

१२. हवामान कसे असावे?

कोरडे, स्थिर, वारा नसलेले. पृष्ठभागाचे तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतील ओल दव होऊन बसू लागते त्यापेक्षा) किमान ३ अंशांनी जास्त हवे. उदाहरणार्थ, हवा २५ अंश सेल्सियस आणि आर्द्रता ७० टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे १९ अंशांवर येतो. अशा वेळी बोटीचा पत्रा २२ अंशांच्या खाली असू नये. मोजायचा तो पत्रा, हवा नव्हे. रात्रभर गारठलेली बोट सकाळी हवेपेक्षा थंड असते.

एका बोटीला शेवटचा हात आम्ही संध्याकाळी पाच वाजता दिला. दिवस स्वच्छ होता, रंगही सुरेख बसला होता. रात्री दव पडले आणि सकाळी एक बाजू आरशासारखी, तर दुसरी दुधाळ आणि निस्तेज झालेली दिसली. ती बाजू पुन्हा घासावी लागली. तेव्हापासून आम्ही दुपारनंतर शेवटचा हात देत नाही.

१३. एकूण रंग किती आणावा?

पाणरेषेच्या वरच्या भागासाठी बोटीची लांबी आणि रुंदी यांची बेरीज करून तिला २ ने आणि पाण्यावरच्या सरासरी उंचीने गुणावे. ६ मीटर लांब, २.२ मीटर रुंद आणि ०.७ मीटर उंच बोटीचे क्षेत्रफळ साधारण ११.५ चौरस मीटर येते. एक लिटर रंग १०० मायक्रॉनच्या ओल्या थरात १० चौरस मीटर व्यापतो. थर ५० मायक्रॉनचा असेल, तर दुप्पट व्यापतो. रोलर, ट्रे आणि डब्याच्या तळाशी राहणारा रंग धरून थोडा जास्त आणावा आणि सगळे डबे एकाच बॅचचे घ्यावेत.

१४. गडद निळा रंग देऊ का?

देखणा दिसतो, पण विचार करून द्यावा. गडद रंग ऊन शोषतो आणि पत्रा हाताला चटका बसेल इतका तापतो. त्या उष्णतेने खालचे रेझिन आणि लांबी आणखी आकसते आणि काही महिन्यांत काचकापडाची वीण किंवा भरलेल्या खळग्यांच्या कडा वर उमटतात. खूप लांबी भरलेल्या जुन्या बोटीला पांढरा किंवा फिका रंगच शोभतो. तो उणिवा झाकतोही.

१५. तोच चमकदार रंग तळालाही लावला तर?

सतत पाण्यात राहणाऱ्या बोटीला नाही. पाणरेषेवरचे बहुतेक पॉलीयुरेथेन रंग कायम बुडून राहण्यासाठी बनवलेले नसतात आणि काही आठवड्यांत फुगतात. तळाला इपॉक्सीवर शेवाळरोधक रंग लागतो. त्याचा पहिला हात शेवटचा इपॉक्सी थर पुरता सुकण्याआधी द्यायचा असतो. अंगठा दाबल्यावर ठसा उमटावा, पण रंग अंगठ्याला लागू नये, ही त्याची वेळ. वेळ हुकल्यास प्रश्न १७ पाहावा.

बोटीला ॲल्युमिनियमचा ड्राइव्ह (पाण्यातला पंखा फिरवणारा भाग) असेल, तर तांब्याच्या ऑक्साइडचा रंग त्यावर लावू नये, ॲल्युमिनियम गंजून खड्डे पडतात. झिंकचे ॲनोड (इतर धातू वाचवण्यासाठी स्वतः झिजणारे तुकडे) रंगवू नयेत. रंगवलेला ॲनोड निरुपयोगी असतो. जी बोट वापरून लगेच ट्रेलरवर चढते, तिला शेवाळरोधक रंगाची गरज नाही.

१६. डेक गुळगुळीत झाला तर पाय घसरेल. काय करावे?

ओल्या रंगावर घसरणरोधक कण चाळणीने दाट भुरभुरावेत, सुकल्यावर सुटे कण झाडून वरून आणखी एक हात द्यावा. कण रंगात मिसळून लावल्यास ते डब्याच्या तळाशी बसतात आणि पहिला भाग विरळ, शेवटचा दाट होतो.

त्याआधी डेक प्लॅस्टिकच्या हातोडीने ठोकून पाहावा. टणक आवाजाऐवजी बद्द आवाज आला, तर आतील बाल्सा (हलके लाकूड) किंवा प्लायवूड कुजले आहे. पाणी बहुधा बोल्टच्या भोकांतून शिरलेले असते. ते दुरुस्त होईपर्यंत डेकला रंगाचा ब्रश लावू नये.

१७. दोन हातांमधली मुदत उलटून गेली. आता?

मुदतीच्या आत पुढचा हात खालच्या थराशी रसायनाने जुळतो. मुदत गेल्यावर फक्त घासलेल्या चरांची पकड उरते. त्यामुळे सगळा पृष्ठभाग पूर्ण मॅट होईपर्यंत घासावा, पुसावा आणि पुढे जावे. इपॉक्सी असेल तर आधी धुवावे (प्रश्न ७).

१८. रंग लावताच गोल खळगे पडले. हे कशाने?

माशाच्या डोळ्यासारखे, मध्ये खालचा थर दिसणारे खळगे म्हणजे सिलिकोन किंवा तेल. वरून आणखी रंग लावून ते बुजत नाहीत. रंग सुकू द्यावा, घासावा आणि प्रश्न ३ पासून पुन्हा सुरुवात करावी. शेजारी कोणी डॅशबोर्डचा चमकवणारा स्प्रे मारत नाही ना, हेही पाहावे. त्याचे तुषार हवेतून दूरवर येतात.

१९. मास्किंग टेप कधी काढावी आणि बोट पाण्यात कधी उतरवावी?

टेप शेवटचा हात बोटाला किंचित चिकट लागत असतानाच, स्वतःवर दुमडून सावकाश ओढावी. रंग टणक झाल्यावर काढल्यास कड करवतीसारखी फाटते. रंग हाताला कोरडा लागणे आणि तो पूर्ण मुरणे यांत फरक आहे. दोनघटकी रंगाला उबदार हवेत साधारण आठवडा लागतो, थंडीत त्याहून जास्त. तोवर बाजूला फेंडर (धक्का झेलणाऱ्या गाद्या) टेकवू नयेत, पट्टे आवळू नयेत आणि वर ताडपत्री घट्ट गुंडाळू नये, नाहीतर तिची वीण रंगात उमटते. शेवाळरोधक रंगाचे उलट आहे. त्यातले काही रंग ठरावीक दिवसांच्या आत पाण्यात जावेच लागतात, त्यामुळे वरचे काम संपवून मगच तळाचा शेवटचा हात द्यावा.